रांगेत माझ्यापुढे नलूताई

परवा सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात एक बाई उभी होती, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा. पालिकेच्या शाळेत शिकवते म्हणाली, सध्या मतदार यादीच्या कामाला लावलंय. आमच्या या नव्या टॉवरची एक लिफ्ट सदा बंद आणि दुसरी सदा वर, त्यामुळे बिचारी घामाघूम झाली होती. मी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. घरात मतदार किती, तिनं विचारलं. मी म्हटलं, एक. तिनं खूण केली. मग जरा ओशाळं हसून म्हणाली, "काकू, तुम्ही इथल्या जुन्या दिसता. बाकीच्या घरांचं सांगता का? कोण राहतं, कोण गेलं? माझी तेवढीच फेरी वाचेल."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

इतकं तोडून बोलायची गरज नव्हती, हे तिचा चेहरा पडल्यावर कळलं. ती अर्धा पेला तसाच ठेवून उठली. नवव्या मजल्यावर एक खडूस म्हातारी आहे, असं पुढच्या दारी सांगितलं असेल. सांगू दे. कोण राहतं आणि कोण गेलं हे मी एकदा सांगून बसले आहे.

पुन्हा निवडणुका आल्यात. खाली रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा जाते, नवव्या मजल्यावर येईपर्यंत गाण्याचे शब्द विरून जातात आणि ढोल तेवढा उरतो. पूर्वी हा आवाज आला की मला हुरूप यायचा. खोटं कशाला बोलू, निवडणूक हा माझा सण होता. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, सरकारी कचेरीत जुन्या फायली सांभाळण्यात नोकरी गेली. दिवाळीत चार घरी फराळाला जायचं आणि निवडणुकीत मात्र स्वतःच्या हक्काचं काहीतरी करायचं, अशी माझी वाटणी होती. आता तो ढोल ऐकला की मी खिडकी लावून घेते.

त्या वर्षीची विधानसभा दिवाळीच्या पाठोपाठ आली. गॅलऱ्यांतले कंदील उतरायचे राहिले होते, फराळाच्या डब्यांत तळाशी चिवड्याचा चुरा होता, आणि ऊन असं की नोव्हेंबर आहे यावर विश्वास बसू नये. मुलुंडात त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. भाजीवालीकडे मेथी निवडताना, बागेत फेऱ्या मारताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, सगळीकडे एकच. दोन्ही उमेदवार कालपर्यंत एकाच पक्षात होते, एकाच कचेरीत बसून एकाच टपरीचा चहा प्यायचे. मग वर कुठेतरी पक्षाचे दोन तुकडे झाले आणि खाली आमचेही झाले. ज्या घरात बापलेक एकत्र मत टाकायला जायचे, त्या घरात आता टीव्हीचा आवाज कोणी वाढवायचा यावरून बोलणं बंद होत होतं. जो येईल तो थोडक्यात येईल, हे मात्र दोन्हीकडचे मान्य करत होते. त्यामुळे प्रत्येकाला आपलं मत फार मोठं वाटायला लागलं होतं. मलाही.

आमची जुनी इमारत 'स्नेहदीप' तेव्हा पाडून झाली होती. तीन मजले, लिफ्ट नाही, प्रत्येक मजल्यावर सामाईक गॅलरी. पुनर्विकासात सगळे पांगले. कोणी ठाण्याला, कोणी डोंबिवलीला, मी त्याच रस्त्यावर चार इमारती सोडून भाड्याच्या खोलीत. जागेवर पत्रे ठोकलेले आणि आत खड्डा. पण मोबाईलवरचा 'स्नेहदीप परिवार' हा ग्रुप शाबूत होता. पूर्वी त्याच्यावर पाणी कधी येणार आणि कोणाची चप्पल हरवली एवढंच असायचं. त्या महिन्यात त्याच्यावर असली भाषा सुरू झाली की मी दोनदा ग्रुप सोडला आणि दोनदा परत गेले, कारण बातम्या तिथंच आधी कळायच्या.

नलूताई माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एक भिंत, आणि गॅलरी एक. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली तेव्हा वॉचमनची नोकरी करून त्यानं संसार ओढला आणि एक दिवस ड्युटीवरच गेला. मुलगा प्रकाश एवढाच. परक्यांशी ती साधं मराठी बोलायची आणि माझ्याशी मालवणी, कारण मला ते समजतं हे तिनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे आणि अगंतुगंही करायचे.

मतदानाचा आमचा एक रिवाज होता. नलूताई पहिली, मी दुसरी. शाळेचं फाटक सात वाजता उघडायचं, आम्ही सव्वासहाला हजर. याला कारण होतं. ती मुलुंडात नवी आली तेव्हाच्या एका निवडणुकीत सगळा स्वयंपाक उरकून दुपारी मत टाकायला गेली, तर आतला माणूस म्हणाला, बाई, तुमचं मत होऊन गेलंय. तिच्या नावावर कोणीतरी आधीच बोट रंगवून गेलं होतं. ती कोरं बोट घेऊन घरी आली आणि ओट्याशी उभी राहून रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं ते तेव्हा. त्यानंतर प्रत्येक वेळी ती म्हणायची, "उशीर झालो की आपला मत दुसरोच कोणतरी घालून जाता." एकदा एक दांडगा माणूस पुढे घुसायला लागला, आजी, पाच मिनिटांनी काय होतंय, म्हणाला. नलूताई त्याला म्हणाली, "पाच मिनिटांत सरकार पडतं. मागे हो." तो गेला मागे. मत टाकून परत आलो की तिच्याकडे घावणे आणि नारळाचा रस. गुप्त मतदान आमच्यात कधीच गुप्त नव्हतं. दोघींचं एकच असायचं.

तुकडे झाल्यावर ते एक राहिलं नाही.

प्रकाश बदलापूरला राहायला गेला होता आणि इमारत रिकामी झाल्यावर नलूताईही त्याच्याकडे गेली. तो पक्षाच्या एका तुकड्याचं काम करायचा, मी दुसऱ्याच्या बाजूची. गणपतीनंतर एकदा ती मुलुंडला आली, पत्र्याच्या फटीतून आपल्या घराच्या जागी झालेला खड्डा पाहून आली आणि माझ्याकडे चहाला बसली. टीव्हीवर कोणीतरी तावातावानं बोलत होतं. एकाचं दोन झालं. ती म्हणाली, तुझ्या माणसानं घर फोडलं. मी म्हटलं, तुझा प्रकाश ज्याच्या रिक्षात बसून फिरतो त्यानं फोडलं. मग मी म्हटलं, "बदलापुरात बसून मुलुंडचा आमदार तू ठरवू नकोस, नलूताई. तिकडचं बघ."

तिनं कप खाली ठेवला. "मी बदलापुरात झोपाक असंय. ऱ्हवाक हयच असंय," ती म्हणाली. आणि जाता जाता, चप्पल घालताना, पाठमोरी म्हणाली, "तुका घरात इचारणारा कोण नाय, म्हणान टीव्हीतली माणसां तुका आपली वाटतत."

हे वाक्य मला लागलं. आजही लागतं, कारण ते खरं होतं. पण तिच्या तोंडून यायला नको होतं. तिला माझं सगळं माहीत होतं, कुठलं स्थळ का मोडलं इथपासून, आणि त्यातलं नेमकं तेच तिनं उचललं. दहा दिवसांनी तिनं काहीच झालं नाही अशा सुरात फोन केला, बदलापूरच्या पाण्याला चव नाही म्हणाली, गुडघा दुखतो म्हणाली. तिचा राग असाच असायचा, उतू गेला की संपला. माझा तसा नाही. मी फायलीतली बाई, माझ्याकडचं काही हरवत नाही.

त्याच सुमाराला यादीवाला आला. तेव्हाही एक शिक्षकच होता, वयानं लहान, फार थकलेला. 'स्नेहदीप'ची यादी घेऊन पत्र्याशी उभा होता, कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. तुम्ही सगळ्यांना ओळखता म्हणे, जरा मदत करा. मला बरं वाटलं. किती वर्षांनी कोणी माझ्यासमोर नोंदींचा कागद ठेवून, बघा, म्हणत होतं. मी चष्मा लावला, पट्टी घेतली, ओळीखाली पट्टी धरून एकेक नाव वाचायला लागले. हे वारले. ही लग्न होऊन गेली. हे ठाण्याला आहेत, पण तात्पुरते, परत येणार. हे डोंबिवलीला, तात्पुरते. हे कुटुंब भांडुपला, तात्पुरतं. तो लिहून घेत होता.

मग नलूताईचं नाव आलं. पट्टी त्याच्याखाली होती. मी म्हटलं, "ही मुलाकडे गेली बदलापूरला. कायमची."

"परत येणार नाहीत?"

"तसं दिसत नाही."

त्यानं लिहिलं आणि खाली शेजारी म्हणून माझी सही घेतली. सही करताना माझा हात थांबला नाही, हे मी इथे लिहून ठेवते. पुढे मी मनाशी शंभर वेळा म्हटलं की मी काही खोटं बोलले नाही. राहत होती ना ती बदलापूरला? नियम असाच आहे ना, की जिथे राहता तिथे मत? पण बाकीचे सगळे पांगलेले लोक माझ्या तोंडून तात्पुरते निघाले आणि तीच तेवढी कायमची निघाली. तिनं माझ्या घरात बसून मला एकटी म्हटलं होतं आणि तिचं मत माझ्या उमेदवाराच्या विरुद्ध पडणार होतं. यातलं कुठलं कारण जास्त होतं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणी मी दोन्हीपैकी एकाचाही विचार केला नाही. फक्त फार हलकं वाटलं.

मतदानाच्या आठवडाभर आधी पक्षाच्या पोरी चिठ्ठ्या आणि यादी घेऊन फिरत होत्या. मी यादी मागून घेतली. नलूताईचा फोटो होता, नाव होतं, आणि त्यावर आडवा शिक्का छापलेला, नाव वगळल्याचा. नवी नावं घालायची मुदत केव्हाच संपली होती. नाव वगळण्याआधी नोटीस पाठवतात म्हणे. पाठवली असेल, जुन्या पत्त्यावर. जुन्या पत्त्यावर तेव्हा खड्डा होता.

मी यादी घडी करून टेबलावर ठेवली. फोन उचलला, खाली ठेवला. काय सांगणार होते? तुझं नाव गेलं म्हणून सांगितलं असतं तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, तुला कसं कळलं. यादी पाहिली म्हणून सांगता आलं असतं. इतकं सोपं होतं. पण मला वाटलं, तिनं विचारायच्या आत माझा आवाजच सांगून टाकेल. दुसऱ्या दिवशी सांगू, असं मी रोज ठरवत गेले, आणि आदल्या दिवशी तिचाच फोन आला.

"सांजच्याक येतंय. तुझ्याकडेच ऱ्हवतंय. सकाळी पयल्या नंबराक उभ्या ऱ्हवाचा असा."

मी म्हटलं, "ये."

ती आली ती पिशवीत सोलं, कुळथाचं पीठ आणि मतदानाचं लुगडं घेऊन. ते ती अजून नेसायची, निदान मतदानाला. हिरवं, बारीक काठाचं. घरात आल्या आल्या तिनं ते दोरीवर पसरून घड्या मोडल्या. ओळखपत्र प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट पर्समध्ये, पर्स उशाशी. मी वालाचं बिरडं केलं होतं, तिला आवडतं म्हणून. दोघी जमिनीवर बसून जेवलो. राजकारणाचा विषय तिनं काढलाच नाही. उलट म्हणाली, "त्या दिवशी मी वायट बोललंय. माझी जीभ तशी. मनात ठेव नको." मी म्हटलं, "मी कधीच विसरले." मग तिनं नव्या घराचं काढलं. टॉवर झाला की दोघींना एकाच मजल्यावर शेजारी शेजारी घर मिळावं असं आम्ही मिळून लिहून दिलं होतं, बिल्डरनं ते मान्यही केलं होतं. स्वयंपाकघराची भिंत पूर्वीसारखीच एक असेल का, ती विचारत होती. मी तिला आणखी बिरडं वाढलं. तिनं दोनदा मागून घेतलं.

सकाळी सव्वासहाला आम्ही फाटकाशी होतो. थंडी नव्हतीच, पण तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. आमच्यामागे रांग वाढत गेली आणि जुने चेहरे दिसायला लागले, कोण कुठून कुठून आलेले. त्या ग्रुपवर एकमेकांना नको ते बोललेले लोक इथे हात हलवत होते. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्या एका मतानं सगळं ठरणार असल्याचा भाव. नलूताईला तर सगळे ओळखत. "पहिला नंबर कायम," कोणीतरी म्हणालं. ती हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दुसरा हिचा."

मी तेव्हाही बोलू शकले असते. बोलले नाही.

सात वाजले. तिनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, नेहमी लावायची, आणि आत गेली. पहिल्या टेबलावरच्या माणसानं तिचं ओळखपत्र घेतलं, यादीवर बोट फिरवलं, परत फिरवलं, शेजारच्याला दाखवलं. मी दारातून बघत होते.

"आजी, नाव नाहीये तुमचं."

"असेल. नीट बघा."

"आहे, पण वगळलंय. हे बघा ना."

"हे कार्ड आहे की माझं."

"कार्ड बरोबर आहे. पण यादीत नाव लागतं."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मदतीला बघतात तसं. कागदाचं काही अडलं की ती कायम माझ्याकडेच बघायची, रेशनकार्डापासून नवऱ्याच्या दाखल्यापर्यंत. "गो, माझा नाव खय गेला? मी हय उभी असंय ना?" ती म्हणाली.

मी त्या माणसाला म्हटलं, "नीट बघा जरा." मी हे म्हटलं. त्यानं माझ्यासाठी परत एकदा बोट फिरवलं. मागची रांग चुळबुळ करायला लागली. तेव्हा नलूताई बाजूला झाली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "जा, तू घालून ये. तुझा कित्याक फुकट घालवतंस."

त्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या टेबलावर माझ्या बोटाला शाई लागली. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले, बटण दाबलं, तो लांब बीप आवाज आला. तिला बाहेर नेऊन मीही मत न टाकता घरी जायला हवं होतं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. आत असताना मला एवढंच कळत होतं की माझ्या उमेदवाराला एक जास्त झालं आणि समोरच्याला एक कमी.

घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं नाही. पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चहा घेतला नाही. मग एकदम म्हणाली, "अर्ज लिही. कोणी काढल्यान माझा नाव, ता शोधून काढूक व्हया. तुझा अक्षर बरा असा." आणि मी लिहिला. माझं अक्षर खरंच चांगलं आहे. समास सोडून, विषय अधोरेखित करून, सविनय वगैरे घालून मी लिहिलं की सदर मतदाराचे नाव कोणीतरी चुकीच्या माहितीच्या आधारे वगळले असून संबंधितांची चौकशी व्हावी. ती शेजारी बसून ऐकत होती. 'कोणीतरी'च्या आधी 'मुद्दाम' घाल, म्हणाली. मी घातलं. तिनं खाली सही केली आणि जाताना तो कागद छातीशी धरून नेला.

निकालाच्या दिवशी मी एकटीच टीव्हीसमोर होते. तिला ये म्हटलं होतं, ती आली नाही. पहिल्या फेरीला आमचा मागे, तिसऱ्या फेरीला पुढे, परत मागे. ग्रुपवर लोक हिशेब मांडत होते की आपल्या शाळेची पेटी कितव्या फेरीला उघडेल. जेवण गॅसवर तसंच राहिलं. शेवटच्या फेरीला फरक इतका उरला की परत मोजा म्हणून गोंधळ झाला, आणि परत मोजूनही माझाच आला. खाली फटाके वाजले. गुलाल उडवत पोरं गेली. ग्रुपवर निम्म्या लोकांनी पेढ्यांची चित्रं टाकली आणि निम्मे गप्प बसले. मी इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून ज्या क्षणाची वाट पाहायचे तो हाच, आणि मला उठून गॅस बंद करायचंही जिवावर आलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "तुझो इलो," म्हणाली. "माझ्या येकाच्या मतान काय झाला नसता," ती म्हणाली, "पण ता माझा होता."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्या गावांत तेच झालं. वर्ष सरायच्या आत माझा आमदार आणि पडलेला उमेदवार एका पुलाच्या उद्घाटनाला एका व्यासपीठावर दिसले. राज्याच्या हितासाठी, म्हणाले. एकमेकांना हार घातले, पेढा भरवला, फोटोसाठी दुसऱ्यांदा भरवला. ज्यांनी त्यांच्यासाठी भावाशी बोलणं टाकलं होतं, ते खाली खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. मला त्या दोघांची चीड आली नाही. त्यांचा तो धंदा आहे. चीड आली ती आमची. आम्हाला कोणी फोडायला आलं नव्हतं. आम्हीच घरात बसून, चहा पिता पिता, फुटलो.

अर्जाचं उत्तर यायला बरेच महिने लागले. नलूताई मधूनमधून फोनवर विचारायची, अजून कसं नाही, तुझी ओळख आहे का कोणाची. मी म्हणायचे, येईल. मग तिचे फोन थांबले. एक आठवडा, दोन आठवडे. मी केला तर प्रकाशनं उचलला आणि आई झोपलीय म्हणाला. तो आवाज ऐकूनच मला कळलं. तरी मी विचारलं, त्या अर्जाचं काही आलं का रे. तो म्हणाला, "आलं, मावशी. स्थानिक चौकशीत शेजाऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून, असं लिहिलंय. सोबत कागदाची झेरॉक्स जोडलीय." मग म्हणाला, "आईनं सहीचं अक्षर ओळखलं." त्यानं शिवी दिली असती तर मला उत्तर देता आलं असतं. त्यानं फोन ठेवला.

मी बदलापूरला गेले नाही. जाणार होते. काय सांगायचं ते पाठही केलं होतं, आधी नियम, मग माझा राग, मग क्षमा. पण त्या क्रमानं म्हटलं की ते स्पष्टीकरण व्हायचं, आणि उलट्या क्रमानं म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. पत्र लिहायला घेतलं. आपलं अक्षर बघून पेन खाली ठेवलं.

या वर्षी टॉवर तयार झाला. पूजेला सगळे आले, फोटो काढले, ग्रुपला नवं चित्र लावलं. नलूताई आली नाही. माझं घर नऊशे तीन आणि तिचं नऊशे चार. स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, मी हात लावून पाहिली. पलीकडे कोणी नसतं तेव्हा भांडं आदळलं की आवाज घुमतो, हे मला इथे राहून कळलं.

मग मागच्या महिन्यात एका दुपारी बाहेर बोलणं ऐकू आलं. मी दार उघडलं. नलूताई होती, काठी घेऊन, फार वाळलेली. तिच्याबरोबर एक तरुण बाई आणि तिच्या कडेवर झोपलेलं मूल. नलूताईनं घर भाड्यानं दिलं होतं आणि किल्ली द्यायला आली होती. मला पाहून ती थबकली नाही. जशी काही मी दार उघडणार हे ठरलेलंच होतं.

मी म्हटलं, "नलूताई, तू राहणार नाहीस इथे?"

"नाही," ती म्हणाली. "मी बदलापूरला असते. कायमची."

ती तरुण बाई आमच्या दोघींकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, जुन्या शेजारणी, किती दिवसांनी भेटतायत. नव्या माणसासारखी भीत भीत मला म्हणाली, "काकू, आम्हाला या पत्त्यावर मतदार यादीत नाव घालायचंय. चौकशीला आले की शेजाऱ्यांना विचारतात म्हणे. तुम्ही सांगाल ना, आम्ही इथे राहतो म्हणून?"

मी काही बोलायच्या आत नलूताईनं किल्ली तिच्या हातात ठेवली.

"सांगतील की," ती म्हणाली. "त्यांची सही चालते."